गुण कुणाचा : मातीचा, मांडणीचा की पोकळीचा?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी लागतं. वैशाखात इथल्या शिवारातून जायचं तर पायाखाली बघूनच चालावं लागतं. काळी जमीन तापून उलते, भेगाळते. काही भेगांत पंजा सहज जातो. मग मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडले की त्याच भेगा अशा मिटतात की त्या कुठे होत्या ते सांगता येऊ नये. माती फुगते, चिकटते, चाकाला आणि चपलेला धरून बसते. शेतकरी वाफसा होण्याची वाट पाहत बांधावर थांबतो.

कोकणातली तांबडी माती असं काही करत नाही. विशेष म्हणजे दोन्ही मातींतल्या चिकण भागाची मुख्य मूलद्रव्यं तीच आहेत : सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन, हायड्रोजन. वेगळी आहे ती थरांची बांधणी. तांबड्या मातीत केओलिनाइट जास्त. त्यात सिलिकाचा एक पापुद्रा आणि ॲल्युमिनाचा एक, असे जोडथर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. मध्ये पाण्याला वाव नाही. मराठवाड्याच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर. तिथे सिलिकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ॲल्युमिनाचा एक दाबलेला असतो आणि असे तिपदरी थर एकमेकांवर सैल बसलेले असतात. मधल्या जागेत कॅल्शियम-सोडियमचे आयन आणि पाणी. पाणी आलं की थर सरकून दूर होतात, गेलं की जवळ येतात. शुद्ध केओलिनाइटच्या एका ग्रॅमचं एकूण पृष्ठफळ १०-२० चौरस मीटर, म्हणजे घरातल्या एका खोलीएवढं. स्मेक्टाइट गटातल्या मॉन्टमोरिलोनाइटचं, आतल्या थरांसकट मोजलं तर, ७००-८०० चौरस मीटर. शेतकऱ्याच्या हिशेबात सात-आठ गुंठे, आणि तेही एका ग्रॅमात!

मग फुगण्याचा हा गुण राहतो कुठे? सिलिकॉनमध्ये तो नाही, ऑक्सिजनमध्येही नाही. थरांच्या मांडणीत आहे म्हणावं, तर मांडणी ही काही वस्तू नव्हे. ती उचलून तराजूत टाकता येत नाही. थरांमधल्या रिकाम्या जागेत आहे म्हणावं, तर जे नाहीच त्याला गुण कसा चिकटणार? प्रश्न मृदाशास्त्राच्या वर्गातला वाटतो, पण भारतीय तत्त्वज्ञानातल्या अतिशय चिवट वादांपैकी तो एक आहे. गेल्या वीस वर्षांत रसायनशास्त्राच्या एका शाखेने, तत्त्वज्ञानाकडे न फिरकता, त्याला नवी साक्ष पुरवली आहे.

कणादाच्या वैशेषिक दर्शनाची भूमिका ठाम होती. परमाणू नित्य, दोन मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, कवडशात तरंगणाऱ्या धूलिकणाएवढं, आणि पुढे घट, पट, पर्वत. या अवयवांतून जो अवयवी तयार होतो तो अवयवांहून निराळा, खरा पदार्थ असतो. बौद्धांना हे अजिबात मान्य नव्हतं. मिलिंद राजाला नागसेनाने त्याच्याच रथाबद्दल विचारलं होतं : आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? सुटे भाग आणि त्यांना दिलेलं नाव, यापलीकडे रथ नावाचं काही नाही, असा त्या संवादाचा रोख. वैशेषिकांसारखाच अवयवी मानणारे न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, आणि बौद्ध या एका मुद्द्यावर अनेक शतकं भांडत राहिले.

गुणांबाबत वैशेषिकांचा साधा नियम होता : कारणात जो गुण, तोच कार्यात. तांबड्या धाग्याचं कापड तांबडं. पण आकारमानाशी आल्यावर त्यांना हा नियम पुरेना. प्रशस्तपादाने मोठेपणाची तीन कारणं सांगितली : अवयवांची संख्या, अवयवांचं स्वतःचं परिमाण, आणि प्रचय. प्रचय म्हणजे अवयवांचा सैल संयोग. उदाहरण दिलं ते कापसाचं. तेवढाच कापूस दाबून बसवला तर गठ्ठा लहान, पिंजला तर ढीग मोठा. वजन तेच, द्रव्य तेच. बदलली ती जवळीक. म्हणजे मांडणी हे गुणाचं स्वतंत्र कारण असू शकतं, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराला दिसलं होतं. दिसलं, पण त्याने ते आकारमानापुरतंच ठेवलं. रंग, बळकटी, पाणी धरण्याची ताकद यांनाही तोच न्याय लावता आला असता. तो लावला गेला नाही, ही त्या परंपरेतली हुकलेली वाट म्हणावी लागेल.

दुसरा वाद कुंभाराच्या आव्याशी झाला. कच्चा माठ काळपट, भाजल्यावर लाल. हा रंग बदलतो कुठे? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. आगीच्या आघाताने घट परमाणूंपर्यंत विस्कटतो, सुट्या परमाणूंचा रंग पालटतो आणि मग ते पुन्हा जुळून नवा घट उभा राहतो. हा पीलुपाकवाद, पीलू म्हणजे परमाणू. या मोडण्या-जुळण्याला नऊ क्षण लागतात, दहा की अकरा, यावरही पंडितांनी पानंच्या पानं खर्ची घातली. नैयायिकांना हे सारं अतिरेकी वाटलं. आव्याच्या फटीतून पाहा, माठ तोच दिसतो. त्याच्यावर रचलेली भांडी कोसळत नाहीत. बाहेर काढल्यावर कुंभाराची बोटं उमटलेली असतात तिथेच असतात. तेव्हा अख्खा घट जागच्या जागी भाजतो. हा पिठरपाकवाद; पिठर म्हणजे भांडं.

पण घट विस्कटला नाही, तर आग त्याच्या आत शिरली कशी? नैयायिकांचं उत्तर एका वाक्यात सांगण्यासारखं आहे : घट सच्छिद्र असतो. पुरावाही घरातलाच. भरलेला माठ बाहेरून ओला होतो, पाझरतो. पाण्याला बाहेर यायला वाट आहे तर आगीला आत जायलाही असणारच. एका गहन तात्त्विक वादाचा निकाल डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांवर टेकवण्याचं असं दुसरं उदाहरण शोधून सापडणं कठीण. (कुंभाराला हे वेगळं सांगायला नको. तो मातीत लीद आणि राख मिसळतो ते उगाच नाही. लीद आव्यात जळून जाते आणि मागे जागा सोडते. त्या जागेतून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, आणि आतलं पाणी गार होतं.)

आता प्रयोगशाळेत यावं.

२००५ साली ओमर याघी यांच्या गटाने ‘सायन्स’ नियतकालिकात दोन नवे पदार्थ जाहीर केले, सीओएफ-१ आणि सीओएफ-५. कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे कार्बन, हायड्रोजन, बोरॉन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांच्या रेणूंना पक्क्या सहसंयुजी बंधांनी जोडून उभी केलेली, ठरावीक मापाची छिद्रं असलेली स्फटिकी चौकट. याघी अम्मानमध्ये, पाण्याची कायम टंचाई असलेल्या एका निर्वासित कुटुंबात वाढले. धातू-सेंद्रिय चौकटींवरच्या कामासाठी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉब्सन यांच्याबरोबर मिळालं. त्यांपैकी रॉब्सन यांची गोष्ट या लेखाच्या कामाची आहे. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी रेणूंच्या प्रतिकृती करायच्या होत्या, म्हणून त्यांनी लाकडी गोळ्यांना भोकं पाडून घ्यायचं ठरवलं. भोकं कुठे हवीत ते काळजीपूर्वक आखावं लागलं. प्रतिकृती जुळवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रेणूचा सगळा आकार त्या भोकांच्या जागांमध्येच लिहून ठेवलेला आहे. गोळा कशाचाही असो. भोक कुठे आहे त्यावर इमारत ठरते.

सीओएफचं तंत्र याच विचारावर चालतं. तीन दिशांनी हात पसरलेला रेणू आणि सरळ काडीसारखा रेणू जोडले की षटकोनी जाळी होते. चार दिशांना हात असलेला चतुष्फलकी रेणू घेतला की जाळी पसरट न राहता त्रिमितीय होते. २००७ मध्ये अशा त्रिमितीय चौकटी आल्या. त्यांतल्या सीओएफ-१०८ ची घनता दर घनसेंटिमीटरला ०.१७ ग्रॅम, पाण्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. प्रशस्तपादाचा प्रचय, सेंद्रिय रेणूंत उतरलेला.

पसरट जाळ्यांमध्ये आणखी एक मेख असते : थर एकमेकांवर कसे बसतात. सीओएफ-५ मध्ये प्रत्येक षटकोन खालच्या षटकोनावर बरोबर येतो, त्यामुळे २.७ नॅनोमीटर रुंदीची सरळ नळी तयार होते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) सीओएफ-१ मध्ये ग्रॅफाइटसारखे थर सरकून बसतात, खालच्या भोकावर वरच्या जाळीचा कोपरा येतो आणि वाट अर्धी बुजते. पृष्ठफळ अनुक्रमे १५९० आणि ७११ चौरस मीटर दर ग्रॅमला. दोन्हींच्या घटकांत थोडा फरक आहे, तेव्हा हा सगळा फरक थरांच्या बैठकीच्याच पदरात टाकणं बरोबर नाही. पण पाहुण्या रेणूला आत वाट मिळते की नाही, हे ती बैठकच ठरवते.

निसर्गाला मोठी पोकळी फारशी रुचत नाही, हेही या क्षेत्रात लवकर कळलं. २००९ च्या सीओएफ-३०० मध्ये हिऱ्याच्या धर्तीची जाळी बांधायला घेतली, तर एकीच्या पोकळीत दुसरी, दुसरीच्या पोकळीत तिसरी, अशा पाच जाळ्या एकमेकींत गुंतून वाढल्या. शिवाय ही चौकट ताठ नाही. आत कोणता रेणू शिरला त्यावर तिचा आकार बदलतो. काळ्या रानाला हे वागणं ओळखीचं वाटावं.

या साऱ्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सुरुवातीच्या बोरॉनच्या सीओएफ पाण्याने विघटून जात. कारण त्यांच्या गुणातच होतं. स्फटिक नीटनेटका वाढायचा तर चुकीच्या जागी जुळलेला बंध सुटून पुन्हा योग्य जागी जुळता आला पाहिजे. बंध परतणारा हवा. पण जो बंध परततो तो पाण्यापुढे, आम्लापुढेही परततो. परतणारा नसेल, तर पदार्थ टिकाऊ पण वेडावाकडा होतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये यातून वाट काढली. आधी परतणाऱ्या अभिक्रियेने जाळी जुळू द्यायची, चुका सुधारू द्यायच्या. मग रेणूच्या आतच हायड्रोजनचा एक अणू जागा बदलतो, ईनॉलचं कीटो रूप होतं आणि परतीचं दार बंद होतं. टीपीपीए-१ आणि टीपीपीए-२ ही त्या पदार्थांची नावं. उकळत्या पाण्यात आणि ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन्ही टिकले. दुसरा तेवढ्याच तीव्र अल्कलीतही टिकला. दोहोंत फरक काय, तर दुसऱ्याच्या प्रत्येक काडीवर जास्तीचे दोन मिथिल गट.

जुना वाद माहीत असलेल्या वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. भांड्यात आधी जे घडतं ते पीलुपाकाच्या जवळचं आहे : जुळलेलं मोडतं, पुन्हा जुळतं, अनेकदा. नंतर जे घडतं ते पिठरपाकाच्या जवळचं : चौकट जागची न हलता आतून पक्की होते. दोन्ही पक्ष एकाच भांड्यात पाठोपाठ बरोबर ठरतात. अर्थात दोन्ही पक्षांचे पंडित ही तडजोड मान्य करतील असं नाही. वैशेषिकाला घट संपूर्ण विस्कटायला हवा होता, अधूनमधून सैल होणं त्याच्या हिशेबात बसत नाही. आणि त्याचे परमाणू रंग पालटत; सीओएफमधला कार्बन कार्बनच राहतो.

याच गटाचं २०१७ चं काम तर थेट आव्यापाशीच जातं. क्षाराच्या मदतीने घटक रेणू पाण्यात मळायचे, मळलेल्या गोळ्याला हवा तो आकार द्यायचा आणि तापवायचा. स्फटिकी, सच्छिद्र सीओएफ काही सेकंदांत तयार. शोधनिबंधाच्या नावातच त्यांनी ‘टेराकोटा’ हा शब्द घातला. या रीतीने दर ग्रॅमला ३००० चौरस मीटरपर्यंत पृष्ठफळ मिळालं, म्हणजे एका ग्रॅमात सुमारे तीस गुंठे. आणि या पदार्थाच्या मण्यांनी पाणी शोषण्यात नावाजलेल्या झिओलाइटांना मागे टाकलं. थरांची बैठक आणि जाळीचा सपाटपणा यांवर आलेला ताबा हे कारण त्यांनी दिलं. म्हणजे पुन्हा मांडणीच.

इथपर्यंत अवयवीवाल्या नैयायिकाची बाजू भक्कम दिसते. पण पोकळीचं काय? वैशेषिकांच्या मूळ यादीत पदार्थ सहा. पुढे सातवा आला, अभाव. ‘जमिनीवर घट नाही’ या ज्ञानालाही काहीतरी विषय हवा, आणि तो विषय म्हणजे घटाचा अभाव, असा त्यांचा आग्रह. पण हा अभाव मोकाट नसतो. त्याला अनुयोगी लागतो, म्हणजे कुठे नाही ते. आणि प्रतियोगी लागतो, म्हणजे काय नाही ते. नुसतं ‘काही नाही’ हे वाक्य नैयायिकाला अपुरं वाटतं.

सीओएफचा रसायनज्ञ नकळत हीच शिस्त पाळतो. चौकट तयार होते तेव्हा तिची छिद्रं रिकामी नसतात. त्यांत द्रावक ठासून भरलेला असतो. तो बाहेर काढणं हे कौशल्याचं काम. घाईने वाळवलं तर द्रवाच्या पृष्ठताणाने भिंती आत ओढल्या जातात आणि छिद्र कोसळतं. म्हणून रिकामपण इथे आपोआप मिळत नाही, ते कमवावं लागतं. आणि ते नेहमी कशाचं तरी असतं. अभावाच्या चार प्रकारांपैकी हा प्रध्वंसाभाव म्हणावा, तर काटेकोर नैयायिक हरकत घेईल : द्रावक नष्ट कुठे झाला, तो उठून दुसरीकडे गेला. अशा येण्या-जाण्यासाठी काहींनी सामयिकाभाव नावाचा आणखी एक प्रकार मानला आहे. तोच इथे चपखल बसतो.

वेदान्ताची वाट वेगळी. घटाकाश आणि महाकाश यांचा दृष्टांत गौडपादाच्या कारिकांपासून आपल्या कीर्तनांपर्यंत पोचला आहे : घटातली पोकळी बाहेरच्या आकाशाहून वेगळी नाही, घट फुटला की भेदही गेला. आत्म्याविषयीच्या सिद्धांताला रसायनशास्त्राने हात घालायचं कारण नाही. दृष्टांत मात्र माठाच्या मापालाच खरा आहे. छिद्र दोन नॅनोमीटरच्या खाली गेलं की समोरासमोरच्या भिंतींची ओढ एकमेकींत मिसळते. आत शिरलेल्या रेणूला सगळीकडून भिंत जाणवते. मोकळ्या हवेत वायू म्हणून फिरणारा रेणू तिथे दाटीने बसतो. दमट नसलेल्या हवेतली वाफही तिथे पाणी होऊन साठू शकते. एवढ्या लहान घटातलं आकाश भिंतीपासून अलिप्त राहू शकत नाही.

वाफसा हा याच गोष्टीचा शिवारातला अनुभव. पाऊस थांबल्यावर मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्या आपलं पाणी भिंतींच्या ओढीने धरून ठेवतात. मुळांना हवाही मिळते आणि ओलही. तेव्हाच तिफण चालते. रिकाम्या जागा एकाच मापाच्या असत्या तर पेरणीला हवा तो मेळ जुळला नसता.

सगळं श्रेय मांडणीच्या नीटनेटकेपणाला देण्याचा मोह इथे आवरायला हवा. २००९ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातून आलेल्या पीएएफ-१ या पदार्थाला लांब पल्ल्याची स्फटिकी शिस्त नाही, तरी त्याचं पृष्ठफळ ५६०० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकराहून जास्त. तिथे जवळच्या शेजाऱ्यांची जोडणी पक्की असली तरी पुरलं, दूरची रांग सरळ नसली तरी चाललं. उलट २०२४ च्या सीओएफ-९९९ मध्ये मोकळ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम छिद्रांच्या आत वाढवलेल्या अमाइनांच्या साखळ्या करतात. त्यांना जागेवर धरून ठेवणं आणि हवेला वाट देणं एवढंच चौकटीकडे उरतं. तेव्हा गुण मांडणीचा, हे उत्तरही सरसकट देता येत नाही. कुठला गुण, यावर ते अवलंबून. वजनाचा हलकेपणा प्रचयाचा. पाण्यात टिकणं बंधाचं. वायू धरणं भिंत आणि पोकळी या जोडीचं; त्यातलं एक काढलं की दुसरंही जातं. बौद्धांनी अवयवी नाकारला तो घाईने, आणि वैशेषिकांनी मांडणीला आकारमानापुरतं कोंडलं ते संकोचाने, असाच निवाडा आजच्या पुराव्यावर द्यावा लागतो.

या वादाची साधनं मराठी वाचकाच्या हाताशी आहेत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरच्या त्याच्याच दीपिकेत पीलुपाक आणि पिठरपाक थोडक्यात आले आहेत. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली त्याची प्रत १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशात पाक, प्रचय, अभाव या संज्ञा उलगडलेल्या सापडतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही पानं एकदा चाळावीत, आणि न्याय शिकवणाऱ्यांनी एनसीएलमध्ये जाऊन भाजलेल्या सीओएफचा मणी हातात घेऊन पाहावा. न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती १९२८ मध्ये काढणारी भांडारकर संस्था आणि पाषाणची ती प्रयोगशाळा, दोन्ही पुण्यातच, एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत.